ज्युली रुसलेली नाही

ताई, शेजाऱ्यांची हैदराबादला बदली झाली. त्यांची सात वर्षांची लॅब्रेडॉर ज्युली, कायमचं घर मिळेपर्यंत आम्ही सांभाळतोय. बारा दिवस झाले. जुन्या घराच्या आठवणीने खात नाही, कंदी पेढासुद्धा हुंगून सोडते. पाणी तेवढं बादलीने पिते आणि रात्री हॉलमध्ये शू करते. सासूबाई म्हणतात, संध्याकाळी पाण्याचं भांडं उचल, नाहीतर कुत्री परत पाठव. मालकीणबाई फार चांगल्या, रोज व्हिडिओ कॉल करतात. ज्युलीची दवाखान्याची फाइल सामानात गेली, पाठवते म्हणाल्या. गणपतीत ही हीटवर (माजावर) असताना पाहुण्यांच्या गर्दीतही त्यांनी किती जपलं होतं तिला! सासूबाईंना कसं समजावू?
(गोडोली, सातारा)

सासूबाई राहू देत. गणपतीत हीटवर होती म्हणजे नसबंदी झालेली नाही. आता दिवाळी तोंडावर आली, म्हणजे सहा-सात आठवडे उलटले. वय सात. खाणं बंद, पाणी बादलीने. हे सगळं तू पत्रभर विखरून टाकलंस आणि वर दुःखाचं पांघरूण घातलंस. मला हा पायोमेट्रा वाटतो, म्हणजे गर्भपिशवीत पू. आजच्या आज डॉक्टर गाठ.

हीट संपल्यावर साधारण दोन महिने कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं असतं, गाभण असो वा नसो. त्याने पिशवीचं अस्तर जाड होतं, स्राव साठतो, आणि हीटच्या दिवसांत वर चढलेले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय, तिथे माजतात. त्यांच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाण्यासारखी शू होत राहते आणि ती तूट भरायला ज्युली पाणी पिते. भांडं उचललंस तर शू थांबणार नाही, कुत्री मात्र सुकून कोसळेल.

शेपटीखाली बघ. घाण वासाचा तांबूस-पिवळा स्राव दिसेल, किंवा ती सारखी चाटत असेल. काहीच दिसलं नाही म्हणून हुश्श करू नकोस. पिशवीचं तोंड मिटलेला प्रकार जास्त वाईट, पू आतच तुंबतो, पिशवी फुटूही शकते.

डॉक्टरांना नुसतं “खात नाही” सांगशील तर टॉनिकची बाटली घेऊन परत येशील. हीट, नसबंदी, पाणी, तिन्ही सांग आणि पोटाची सोनोग्राफी व रक्ततपासणी मागून घे. बादली म्हणजे किती, तेही विचारतील. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर, म्हणजे 28 किलोच्या कुत्रीने पावणेतीन लिटरच्या वर पाणी पिणं, हे आजारपणच. पण मोजत बसायला उद्यापर्यंत थांबू नकोस. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं निघालं तरी तपासण्या याच. गावात सोय झाली नाही तर खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, फोन करून निघ. पायोमेट्रा ठरला तर सलाईन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन; गर्भपिशवी आणि अंडाशयं काढून टाकतात. नुसत्या गोळ्यांनी पू हटत नाही. भूल द्यावी लागेल, तेव्हा निघताना बळेच भरवू नकोस. आपल्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

आता त्या चांगल्या मालकीणबाई. सात वर्षांत नसबंदी केली नाही, कुत्री दिली आणि फाइल ट्रकमध्ये भरली. हीटची गोष्ट तुला गप्पांत कळली, ती पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायची होती. आजच्या कॉलला फोन ज्युलीपुढे धरू नकोस, स्वतः बोल. हीटची तारीख, आजवर हीट लांबवायला किंवा पिल्लं नकोत म्हणून इंजेक्शन दिलंय का (त्यानेही धोका वाढतो), फाइलचे फोटो आणि ऑपरेशनचे पैसे, सगळं माग. लाजू नकोस. संमतीपत्रावर तू सही केलीस तर चालेल, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घे.

सासूबाईंना बरोबर ने. मागच्या सीटवर प्लास्टिक, वर जुनी चादर. पोटाखाली हात घालून उचलायचं नाही. एकीने छातीला, दुसरीने मांड्यांखाली आधार द्यायचा. एकटीला जमणार नाही.