उवांवर टी ट्रीचे तेल चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची असून गेल्या दोन महिन्यांत तिच्या डोक्यात तिसऱ्यांदा उवा झाल्या आहेत. सध्या सीताफळांचा हंगाम असल्याने त्यांच्या बिया वाटून लावाव्यात, असे सासूबाई सुचवतात. तर मैत्रीण म्हणते की, टी ट्री आणि निलगिरीच्या तेलाचे काही थेंब खोबरेल तेलात घालून रात्रभर डोक्याला लावून ठेवावेत. यांपैकी काय करावे? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : सीताफळाच्या बियांचा विचार आजच सोडून द्यावा. त्या पुडीने उवा मरतात हे खरे असले, तरी तिचे कण किंवा केस धुताना ओघळलेले पाणी डोळ्यांत गेले, तर बुबुळावरील पारदर्शक पटलाला इजा होऊन असह्य वेदना होतात.

टी ट्रीच्या तेलाला मात्र काही आधार आहे. ऑस्ट्रेलियातील मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १० टक्के टी ट्री व १ टक्का लव्हेंडर तेल असलेले तयार औषध आठवड्याच्या अंतराने तीनदा लावल्यावर बहुतेक मुलांच्या डोक्यातील उवा गेल्या होत्या. आता मैत्रिणीच्या ‘काही थेंबां’चा हिशेब पाहा. ३० मिलिलिटर खोबरेल तेलात ६ थेंब घातले, तर ते मिश्रण जेमतेम १ टक्क्याचे होते. त्याने उवा मरतील असे सांगता येत नाही. ते दहापट तीव्र करून खाजवून सोललेल्या कोवळ्या त्वचेवर रात्रभर ठेवले, तर आग आणि पुरळ यांची शक्यता वाढते. शिवाय निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून या बाटल्या फडताळात उंचावर असाव्यात.

उवा पुन्हापुन्हा होण्याचे मुख्य कारण बहुधा लिखांत आहे. केसाला घट्ट चिकटलेली लिख ७ ते १० दिवसांत फुटते आणि कोणतेही तेल एकदाच लावून सगळ्या लिखा मरतील याची खात्री नसते. औषधच वापरायचे असेल, तर डॉक्टरांना विचारून १ टक्का पर्मेथ्रिनचे लोशन घ्यावे. ते कंडिशनर न लावता धुतलेल्या, टिपून घेतलेल्या ओलसर केसांवर १० मिनिटे ठेवून धुवावे आणि साधारण नवव्या दिवशी पुन्हा लावावे. ते ‘रासायनिक’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टी ट्रीचे तेलही रसायनेच आहेत, फक्त त्यांचे प्रमाण बाटलीगणिक बदलते.

औषध लावा अथवा लावू नका, फणी मात्र चुकवू नये. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक बटा कराव्यात, दाट दातांची फणी टाळूपासून टोकापर्यंत ओढावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. वळवळणारा करडा ठिपका तिथे लगेच दिसतो. कानांमागे आणि मानेवर अधिक वेळ द्यावा. कोंडा झटकल्यावर पडतो, लिख नखाने ओढावी लागते. टाळूपासून १ सेंटिमीटरहून लांब असलेली लिख बहुधा रिकामीच असते. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे हे करावे. उवा उडत नाहीत, डोक्याला डोके लागूनच पसरतात, म्हणून घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. फणी धरण्याची सवय सासूबाईंच्या हाताला तुमच्यापेक्षा जास्त असणार. तेव्हा ते काम त्यांच्याकडे सोपवावे आणि त्यांचे केस तुम्ही विंचरून पाहावेत.