बडोद्याहून युरोपात, अंतराळातल्या एफपीजीएच्या टेस्टिंगला

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या कलाभवनातून (तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज) इलेक्ट्रॉनिक्स केलं, चार वर्षं व्हीएचडीएल (सर्किट लिहायची भाषा) लिहिलं, आता उपग्रहातल्या एफपीजीएच्या (आतलं सर्किट हवं तसं घडवता येणारी चिप) रेडिएशन टेस्टिंगमध्ये जायचंय. अमेरिका की युरोप?

अमेरिकेच्या मागे लागू नका. तिथल्या स्पेस हार्डवेअरच्या जाहिरातींत बहुधा ‘यूएस पर्सन’ची अट असते. ग्रीन कार्ड त्यात बसतं, एच-वन-बी बसत नाही. युरोपात ईएसए या युरोपियन अंतराळ संस्थेच्या स्वतःच्या जागा मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, पण तिला माल आणि टेस्टिंग पुरवणाऱ्या कंपन्यांची दारं उघडी आहेत. जर्मनीत ब्ल्यू कार्ड हवं असेल तर आपली पदवी आणि विद्यापीठ आधी अनाबिनवर (परदेशी पदव्यांचा जर्मन डेटाबेस) पाहून घ्या.

आता कामाचं. एसरॅम एफपीजीए सर्किटची मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, मेमरीत ठेवते; अंतराळातल्या किरणांनी त्यातला बिट उलटला की नुसता डेटा बिघडत नाही, सर्किटच बदलतं. हे घरी करून बघता येतं. आर्टिक्स-७ या एफपीजीएचा साधा बोर्ड घ्या, डिझाइनमध्ये व्हिवाडो या टूलमधला एसईएम आयपी (कॉन्फिगरेशनच्या चुका शोधणारा आणि मुद्दाम घालणारा तयार ब्लॉक) टाका, यूएआरटीवरून (सीरियल पोर्ट) एकेक बिट उलटवा आणि आउटपुट धड कॉपीशी ताडून बघा. बरेच बिट काहीच करणार नाहीत. डिझाइन ते वापरतच नसतं. मग टीएमआर लावा: तेच लॉजिक तीनदा, बहुमताचं उत्तर खरं. इथे हमखास फसगत होते: सिंथेसिसला (कोडचं सर्किट करणारं टूल) तिन्ही प्रती सारख्याच दिसतात, म्हणून दोन फालतू समजून ते उडवून टाकतं. डोन्ट-टच (‘हे उडवू नको’ ही खूण) लावा आणि शेवटी रिपोर्टमध्ये फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरणारे घटक) खरंच तिप्पट झालेत का ते मोजा. तिघांचा रीसेट एकच ठेवलात तर तिथला एक बिट तिघांनाही बुडवतो. ब्लॉक रॅममधला (चिपमधली डेटाची मेमरी) डेटा एसईएम बघत नाही, त्याला वेगळं ईसीसी (चुका दुरुस्त करणारा कोड) लागतं.

खऱ्या टेस्टला चिपवर जड आयनांचा मारा करतात; ही हेवी आयनची बीम फिनलंडमध्ये युवास्कुलाला आणि बेल्जियममध्ये लूव्हाँ-ला-न्यवला मिळते. आयन सिलिकॉनमध्ये फार खोल जात नाहीत, त्यामुळे फ्लिप-चिपची (उलटी बसवलेली, पाठ वर असलेली चिप) पाठ घासून साधारण ५० ते १०० मायक्रॉनवर आणावी लागते. घासताना चिपा तडकतात, जादा नग ठेवा. लॅचअपच्या (एका कणाने चिपमध्ये शॉर्टसारखा करंट सुरू होऊन तसाच राहणं) टेस्टसाठी व्होल्टेज आणि तापमान कमाल, दर चौरस सेंटीमीटरला १ कोटी आयन आणि सप्लायवर करंट लिमिट. बिट उलटण्याच्या टेस्टला मात्र व्होल्टेज किमान ठेवतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे घाईने फ्लक्स (सेकंदाला पडणारे आयन) वाढवणं. समजा स्क्रबिंगची (उलटलेले बिट पुन्हा नीट करण्याची) एक फेरी २० मिलिसेकंदांची आहे आणि सेकंदाला १०० बिट उलटताहेत, म्हणजे फेरीत सरासरी दोन. दोन प्रती एकदम बिघडल्या की टीएमआर हरतं आणि चांगलं डिझाइन टाकाऊ ठरतं. कक्षेत असे दोन बिट एकाच फेरीत सहसा गाठ पडत नाहीत.

टोटल डोसची (साचत जाणाऱ्या किरणोत्सर्गाची) टेस्ट त्यामानाने सरळ: कोबाल्ट-६०चे गॅमा किरण, अमेरिकी लष्करी मानकानुसार सेकंदाला ५० ते ३०० रॅड (डोसचं एकक).

बायोडाटाला घरच्या प्रयोगाचा तक्ता जोडा: किती बिट उलटवले, किती चुका झाल्या, टीएमआरआधी आणि नंतर. नोकरीऐवजी शिक्षणाच्या वाटेने यायचं असेल तर रॅडमेप हा इरास्मस मुंडसचा मास्टर्स याच विषयाचा आहे.