छोट्या डेव्हलपर टीमने वर्कफ्लो ऑटोमेशनसाठी काय घ्यावं: झॅपियर, मेक, एनएटएन (n8n) की स्वतःचा कोड?

तुम्ही लिहिलंय की सहा जणांची टीम आहे, गिटहबवर इश्यू आला की जिरात (कामांची नोंद ठेवायचं टूल) तिकीट बनावं, स्लॅकवर मेसेज जावा, आणि स्ट्राइपवर (ऑनलाइन पेमेंटची सेवा) पेमेंट झालं की कस्टमरचं अकाउंट आपोआप चालू व्हावं, आणि ह्या सगळ्यासाठी कुठलं टूल घ्यायचं ते ठरत नाहीये.

झॅपियर, मेक आणि एनएटएन ही वेगवेगळी अ‍ॅप्स जोडून कामं आपोआप करून घ्यायची टूल्स. माझं मत आधीच सांगतो. किती अ‍ॅप्स जोडता येतात तो आकडा बघून टूल निवडू नका. प्रत्येकाच्या वेबसाइटवर शेकडो-हजारो कनेक्टर असतात, त्यातले तुम्हाला लागणार सात-आठ, आणि एखादं नसलंच तर एचटीटीपी रिक्वेस्टची स्टेप सगळीकडे असतेच. बघायचं ते हे की मधली एक स्टेप पडली तर ते टूल पुढे काय करतं. सगळं सुरळीत चालू असताना सगळीच टूल्स सारखी वाटतात, फरक कळतो तो समोरच्या अ‍ॅपचा एपीआय (प्रोग्रामने त्या अ‍ॅपशी बोलायचा मार्ग) बंद असतो तेव्हा.

तुमचंच उदाहरण घ्या. गिटहबने वेबहूक (काही घडलं की तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारी सूचना) पाठवला की समोरून १० सेकंदांत उत्तर जावं लागतं, नाही गेलं तर ती डिलिव्हरी फेल धरतात आणि गिटहब ती स्वतःहून परत पाठवत नाही, तुम्हालाच री-डिलिव्हर करावी लागते. स्लॅकच्या इव्हेंटला ३ सेकंदांत उत्तर लागतं, नाहीतर स्लॅक तोच इव्हेंट पुन्हा पाठवतं. स्ट्राइप तर लाइव्ह मोडमध्ये ३ दिवसांपर्यंत परत परत पाठवत राहतं आणि इव्हेंट घडले त्याच क्रमाने येतील अशी गॅरंटी पण देत नाही. म्हणजे एकाकडून इव्हेंट येणारच नाही असं होऊ शकतं आणि दुसऱ्याकडून तोच दोनदा येऊ शकतो, आणि दोन्ही वेळेला कस्टमरला त्रास होता कामा नये. म्हणून आलेल्या इव्हेंटचा आयडी डेटाबेसमध्ये युनिक कॉलममध्ये टाकायचा, आधीच असेल तर गप सोडून द्यायचा, आणि वेबहूकला लगेच २०० (म्हणजे 'मिळालं') असं उत्तर देऊन खरं काम मागे क्यूमध्ये, म्हणजे कामांच्या रांगेत टाकून करायचं. हे जमवायला ज्या टूलमध्ये झगडावं लागतं ते टूल पैशाच्या कामाला लावू नका.

ट्रायल घ्याल तेव्हा ही एक टेस्ट नक्की करा. तीन स्टेप्सचा फ्लो बनवा आणि दुसऱ्या स्टेपचा टोकन (त्या अ‍ॅपमध्ये शिरायची किल्ली) मुद्दाम चुकीचा टाका. मग बघा की फेल झाल्याचा अलर्ट येतो का, का तुम्ही स्वतः डॅशबोर्ड उघडेपर्यंत कळतच नाही. आलेला मूळ डेटा तसाच ठेवलेला दिसतो का? आणि टोकन दुरुस्त केल्यावर पडलेल्या स्टेपपासून पुढे चालवता येतं, की सगळं पहिल्यापासून चालून पहिली स्टेप दोनदा होते? एनएटएनमध्ये फेल झालेलं एक्झिक्युशन (फ्लो एकदा चालणं) जुन्या वर्कफ्लोने किंवा आता दुरुस्त करून सेव्ह केलेल्या वर्कफ्लोने, दोन्ही प्रकारे रीट्राय करता येतं, शिवाय एरर ट्रिगर लावून वेगळा एरर वर्कफ्लो चालवता येतो. मेकमध्ये मॉड्यूलला (म्हणजे एकेका स्टेपला) एरर हँडलर लावता येतात आणि अर्धवट राहिलेली एक्झिक्युशन्स साठवून नंतर पूर्ण करता येतात. झॅपियरमध्ये पडलेली स्टेप आपोआप परत चालवणारा ऑटोरीप्ले आहे पण तो पेड प्लॅनवर. ही टेस्ट केली की डेमो व्हिडिओ बघायची गरजच राहत नाही.

पैशाचं बघताना महिन्याची किंमत सोडा, मोजतात काय ते बघा. झॅपियर यशस्वी झालेली प्रत्येक अ‍ॅक्शन एक टास्क म्हणून मोजतं, मेक प्रत्येक मॉड्यूल चाललं की मोजतं, आणि एनएटएनचं क्लाउड पूर्ण वर्कफ्लो एकदा चालला की एक एक्झिक्युशन धरतं, आत कितीही नोड्स (स्टेप्स) असोत. म्हणजे रात्री एकदा १०० रेकॉर्ड उचलून प्रत्येकावर ४ अ‍ॅक्शन्स करायच्या असतील तर झॅपियरवर ४०० टास्क आणि एनएटएनवर १ एक्झिक्युशन. पण तेच १०० रेकॉर्ड वेगवेगळ्या वेबहूकने आले तर एनएटएनवर पण १०० एक्झिक्युशन्स होतात, त्यामुळे तुमचा डेटा एकगठ्ठा येतो की सुटा सुटा ते आधी बघा आणि मगच तुलना करा.

एनएटएन ओपन सोर्स आहे असं बरेच जण म्हणतात, पण ते तसं नाहीये. सोर्स बघता येतो, स्वतःच्या कंपनीच्या आतल्या कामाला फुकट चालवता येतं, पण २०२२ पासून त्याचं लायसन्स सस्टेनेबल यूज लायसन्स आहे, त्यामुळे तेच होस्ट करून कस्टमरला विकायचं असेल तर वेगळा करार लागतो. पूर्ण मोकळं लायसन्स हवं असेल तर नोड-रेड हे तसंच टूल बघा, ते आयबीएममध्ये सुरू झालं आणि अपाचे २.० लायसन्सखाली आहे. आणि एनएटएन स्वतः होस्ट करणार असाल तर एन्क्रिप्शन कीचा बॅकअप पहिल्याच दिवशी घ्या, ती की गेली तर साठवलेले सगळे क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, टोकन वगैरे) वाचता येत नाहीत, मग डेटाबेसचा कितीही चांगला बॅकअप असला तरी उपयोग नाही. डिफॉल्ट डेटाबेस एसक्यूलाइट असतो, लोड वाढणार असेल तर पोस्टग्रेस डेटाबेसवरच सुरुवात करा, आणि अपडेट करायची जबाबदारी टीममधल्या कुणातरी एकाच्या नावावर हवी.

डेव्हलपर म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते रिव्ह्यूचं. कोणीतरी कॅनव्हासवर एक बाण हलवतो आणि प्रॉडक्शन बदलतं, पुल रिक्वेस्ट (बदल दुसऱ्याने तपासायची पायरी) नाही, टेस्ट नाही. एनएटएनचा वर्कफ्लो जेसनमध्ये एक्सपोर्ट करून गिटमध्ये ठेवता येतो, ते जरूर करा, पण त्यात नोड स्क्रीनवर कुठे आहे त्याचे आकडे पण येतात त्यामुळे डिफ (काय बदललं त्याची यादी) वाचणं जिवावर येतं. म्हणून ज्या फ्लोमध्ये तीनपेक्षा जास्त इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) झाले तो मी कोडमध्ये नेतो.

काही जण हे सगळं गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबचं स्वतःचं ऑटोमेशन) बसवतात. रिपोजिटरीशी संबंधित कामाला ते उत्तमच आहे, पण त्याच्या शेड्यूलवर वेळेच्या कामासाठी विसंबू नका, ५ मिनिटांपेक्षा कमी अंतर चालत नाही, लोड असला की रन उशिरा होतो, आणि पब्लिक रिपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल बंद पडतं. एअरफ्लोचं नाव पण कोणी सुचवेल, ते एअरबीएनबीमध्ये २०१४ मध्ये डेटा पाइपलाइनसाठी सुरू झालं, बॅचच्या कामाला छान, एकेका वेबहूकसाठी नाही.

आता तुमच्या केससाठी. जिरा आणि गिटहब जोडायला जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनचं स्वतःचं अ‍ॅप आहे, जिरामध्ये ऑटोमेशनचे रूल्स आहेत, स्लॅकसाठी गिटहबचं अ‍ॅप आहे. आधी ती लावून बघा, तुमचं बरंचसं काम तिसरं टूल न घेताच होऊन जाईल. पेमेंटवरून अकाउंट चालू करणं मात्र स्वतःच्या कोडमध्येच ठेवा, वेबहूकची डिजिटल सही तपासून (तो खरंच स्ट्राइपकडून आलाय ना ते बघून), क्यू लावून. त्यात पुढे रिफंड, रिन्यूअल, दिवसेंदिवस थांबणाऱ्या स्टेप्स आल्या तर टेम्पोरल किंवा एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) स्टेप फंक्शन्स ही लांब चालणाऱ्या कामांची टूल्स बघा, स्टेप फंक्शन्सचा स्टँडर्ड वर्कफ्लो १ वर्षापर्यंत चालू राहू शकतो, एक्सप्रेस मात्र फक्त ५ मिनिटं.

मग जे किरकोळ उरेल, फॉर्मवरून शीट, रोजचा रिपोर्ट वगैरे, त्याला सर्व्हर सांभाळणारं कोणी असेल तर एनएटएन, नसेल तर मेक किंवा झॅपियर, ह्यात फार डोकं घालवू नका. फक्त टोकन्स कुणाच्या पर्सनल अकाउंटवरून काढू नका, त्या माणसाने नोकरी सोडली आणि अकाउंट बंद झालं की त्याच दिवशी सगळे फ्लो पडतात. वेगळं सर्व्हिस अकाउंट करा आणि त्याला लागतील तेवढ्याच परमिशन्स द्या. पेमेंटचे इव्हेंट दिवसाला साधारण किती येतात ते कॉमेंटमध्ये लिहिलंत तर क्यूसाठी काय वापरायचं तेही सांगतो.