भिंतीवरचं मुंडकं आणि ताटातली तंगडी

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझा मुलगा टेक्सासात नोकरीला आहे. त्याच्या साहेबांनी मध्यंतरी त्याला घरी जेवायला बोलावलं. दिवाणखान्यात भिंतीवर काळविटाचं मुंडकं, पिळाच्या शिंगांसकट. आम्ही कर्जतचे, लहानपणी त्याला रेहेकुरीला किती वेळा नेलं असेल! त्याला ते बघवेना, आणि तसं तो बोलून गेला. साहेब हसले आणि म्हणाले, "परवा ऑफिसात चिकन बिर्याणी तूच आणली होतीस ना? ती कोंबडी काय म्हातारी होऊन मेली होती?" हा गप्प. आता फोनवर मला विचारतो, आई, चुकतंय कोणाचं? आपण खायला मारतो, हौस म्हणून नाही, एवढा फरक पुरत नाही का?
— एक आई, कर्जत (अहिल्यानगर)

उत्तर : साहेबांचा टोमणा निम्मा बरोबर आहे. त्या निम्म्याचा हिशेब चुकता केल्याशिवाय उरलेल्या निम्म्यावर बोलायला आपल्याला तोंड नाही.

आधी काळवीट, कारण तो तुमच्या गावचा. रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली झालं ते त्याच्यासाठीच. आपल्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. टेक्सासात १९३०च्या दशकात तो शिकारीसाठी नेऊन सोडला गेला आणि तिथल्या कोरड्या माळावर असा रुळला, की आज तिथे हजारोंनी आहे. तिकडच्या कायद्याच्या लेखी तो बाहेरून आणलेला, म्हणून ज्याच्या कुंपणात त्याच्या मालकीचा, जवळजवळ गुरांसारखाच. हंगामाचं बंधन नाही. आठ फुटी जाळीच्या आत ठरल्या वेळी मक्याचे दाणे उडवणारी यंत्रं असतात आणि रँचच्या दरपत्रकात काळवीट, चितळ किमतीसकट ओळीने लिहिलेले असतात. आपल्या विदर्भातली रोही, म्हणजे नीलगाय, हीसुद्धा दक्षिण टेक्सासात पोचली आहे. तिची शिकारही होते आणि तिचं मांस हॉटेलांतही जातं.

तेव्हा मुलाने साहेबांना एवढंच विचारायला हवं होतं, की मुंडकं इथे आहे, बाकीच्या काळविटाचं काय केलंत? बहुतेक उत्तर येईल, खाल्लं. मांस टाकून देणाऱ्या शिकाऱ्याला तिकडे शिकारीच नावं ठेवतात. म्हणजे तुमची 'खायला' आणि 'हौसेला' ही वाटणी त्या एका जनावरातच मोडते. मान भिंतीवर, मांड्या फ्रीजरमध्ये.

आता बिर्याणी. माझी सगळी नोकरी पशुवैद्यकाची. कत्तलखान्यात बोकड तपासून मांडीवर जांभळा शिक्का मारायचं कामही केलंय, आणि ब्रॉयलरच्या शेडवर तर कायमचंच जाणं. ब्रॉयलरचं पिल्लू साधारण चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातं. पाय आणि हृदय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. शेवटच्या आठवड्यात पक्षी उभा कमी, बसलेला जास्त. खाली भाताचा तूस, तो विष्ठेने ओला झालेला. आत शिरलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात. त्या ओलीवर बसून बसून पायाच्या मागच्या सांध्याची कातडी जळते. खोटं वाटत असेल तर दुकानातल्या पिंजऱ्यात जिवंत कोंबडीचा पाय निरखून बघा, बऱ्याच जणींच्या सांध्यावर तपकिरी-काळा डाग सापडेल. पकडणारी माणसं रात्री येतात, कारण अंधारात पक्षी फारशी धडपड करत नाहीत. एकेका हातात चार-पाच पक्षी, पायांना धरून उलटे, आणि थेट क्रेटमध्ये. जगात वर्षाला सत्तर अब्जांहून जास्त कोंबड्या खाण्यासाठी मारल्या जातात, आणि त्यांतल्या बहुतेक याच पद्धतीच्या.

आणि 'गरज' म्हणाल, तर कर्जतमध्ये काय किंवा ह्यूस्टनमध्ये काय, चिकन मिळालं नाही म्हणून पगारदार माणूस उपाशी झोपत नाही. डाळ आहे, अंडी आहेत, दूध आहे. (दुधामागे गोऱ्ह्यांचं आणि रेडकांचं काय होतं, ते पुन्हा कधीतरी. त्या पत्रांना उत्तर द्यायचं मी मुद्दाम लांबवतेय.) भामरागडच्या माडिया आदिवासीने पारधीत काही मारलं, कातकऱ्याने बीळ उकरून उंदीर काढला, तर ती गरज. आपली बिर्याणी ही चव आहे. मीही मटण खाते, त्यामुळे हा उपदेश नाही. पण चवीला गरज म्हणायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा आपण ठेवू शकतो.

मरणाऱ्या जनावराला आपल्या मनातला हेतू कळत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते, कसं जगलं आणि कसं मेलं एवढंच. या मापाने माळावर चरलेला, नेमक्या गोळीने जागीच पडलेला काळवीट त्या कोंबडीपेक्षा कितीतरी सुखी. नेम चुकला तर मात्र सगळं उलटतं. झिंबाब्वेत २०१५ साली सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने बाणाने मारला, त्यावर जगभर गदारोळ झाला. लोक चिडले ते तो सिंह प्रसिद्ध होता म्हणून. मला लागलं ते निराळंच : बाण लागल्यावर तो कित्येक तास जखमी फिरत होता. बंदूक असताना धनुष्य कशाला? तर जास्त मर्दुमकी म्हणून. इथे मात्र हेतू थेट जनावराच्या अंगावर उतरला.

साहेबांचं निम्मं चुकतं ते इथे. उद्या कोणी तस्सं लागणारं चिकन कोंबडी न मारता करून दिलं, तर तुमचा मुलगा ते आनंदाने बिर्याणीत घालेल. हौशी शिकाऱ्याला न मारता मिळालेली शिंगं देऊन बघा! त्याने पैसे मोजलेले असतात ते मारण्याच्याच क्षणासाठी. मला त्याची किळस येते. पण माझी किळस हे दुसऱ्याच्या गावचं उत्पन्न बंद करायला कारण होत नाही, आणि या विषयात लोक गल्लत करतात ती इथेच.

पाकिस्तानच्या गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर नावाचा डोंगरी बोकड आहे, लांब पिळाच्या शिंगांचा. त्याचे वर्षाला मोजकेच परवाने निघतात, तेही म्हाताऱ्या नरांसाठी. एकेका परवान्याला लाख डॉलरच्या वर पैसे येतात आणि त्यांतले ८० टक्के खोऱ्यातल्या गावांना मिळतात. पूर्वी जे गावकरी हंडीसाठी मारखोर मारत, तेच आता त्याची राखण करतात. संख्या वाढली, आणि २०१५ मध्ये त्याला 'संकटग्रस्त' यादीतून दोन पायऱ्या खाली, कमी धोक्याच्या गटात आणलं गेलं. नामिबियात १९९६च्या कायद्याने गावांना त्यांच्या भूमीवरच्या प्राण्यांचे हक्क मिळाले. तिथे परदेशी शिकारी शिंगं नेतो आणि मांस गावात वाटलं जातं. त्याच नामिबियाने २०२४च्या दुष्काळात लोकांना खायला म्हणून ७२३ प्राणी मारायचं ठरवलं, त्यांत ८३ हत्ती. त्यावरही जग चिडलं. तेव्हा शिंगांचा प्रश्नच नव्हता, नुसती भूक होती.

याच्या उलट दक्षिण आफ्रिकेतले पिंजऱ्यातले सिंह. छावे पर्यटकांनी मांडीवर घ्यायचे, मोठे झाले की कुंपणात सोडून गिऱ्हाइकाने मारायचे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने हा धंदा बंद करायचं जाहीर केलं. माझ्या लेखी ती ब्रॉयलरची शेडच, फक्त माल मोठा. आणि मोकळ्या रानातही कोणता नर मारता याला महत्त्व आहे. सिंहाचं नाक लहानपणी गुलाबी असतं, वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढत जातात. टांझानियात अभ्यास करणाऱ्यांनी त्यावरूनच सांगितलं, की पाच-सहा वर्षांच्या आतल्या नराला हात लावू नका. कळपाचा तरुण नर गेला की नवा येतो आणि आधीच्याचे छावे मारतो. गोळी एक, जीव चार-पाच.

नुसत्या बंदीनेही भागत नाही. केनियात १९७७ पासून हौशी शिकार बंद आहे. तरी तेव्हापासून २०१६ पर्यंत तिथल्या माळरानावरचे वन्यप्राणी साधारण दोन तृतीयांशाने घटले, आणि शेळ्या-मेंढ्या मात्र वाढल्या. रान गेलं ते शेतीला, कुंपणांना, चराईला. म्हणजे भिंतीवरच्या मुंडक्यांपेक्षा ताटाने जास्त जनावरं संपवली, आणि त्या ताटात माझं-तुमचंही आलं.

मुलाला सांगा, साहेबांवर रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस. काळवीट किती वयाचा होता, एका गोळीत पडला का, पैसे कोणाला गेले, एवढं विचार. आणि ब्रॉयलरऐवजी परसातली गावरान कोंबडी महिन्यातून एकदाच खाल्ली, तर बिर्याणी काही वाईट होत नाही. शिजायला वेळ लागतो, एवढंच.

प्रश्न : आमच्या आजोबांनी १९६०च्या दशकात चंद्रपूरकडे रीतसर परवाना काढून वाघ मारला होता. म्हैसूरला पाठवून भरून आणलेलं त्याचं मुंडकं वाड्यात आहे. वडील नुकतेच गेले. माझी मुलगी म्हणते, "हे घरात ठेवायचं असेल तर मी येणार नाही." आजोबांना आता गुन्हेगार मानायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी कायदा, मग आजोबा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर अशा वस्तूंची नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यावं लागत होतं, आणि २००३ मध्ये आणखी एक मुदत दिली गेली होती. वडिलांच्या कागदांत ते प्रमाणपत्र शोधा. असेल, तर वारसाने ९० दिवसांत वनखात्याकडे नोंद करायची असते. विकता येत नाही, कोणी कितीही सांगो. सापडलं नाही, तर वकील गाठा आणि मगच खात्याकडे जा. नकोच असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनंतर ते खात्याच्या स्वाधीन करता येतं, मोबदला मिळत नाही. मुलीचा हट्ट त्याने सुटेल.

आजोबांनी केलं ते तेव्हा कायदेशीर होतं. वाघाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७०मध्ये. शूटिंग ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी रानाचा तुकडा, मिळायचा, गावकरी मजुरीवर हाका घालून वाघ हुसकायचे, किंवा मचाणासमोर रेडा बांधायचे. त्या रेड्याचं मुंडकं मात्र कोणी भिंतीवर लावलं नाही! तुमच्याच कोल्हापुरात दाजीपूरचं रान संस्थानाच्या शिकारीसाठी राखलं गेलं म्हणून गवे टिकले आणि १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं. आणि आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजाने १९४७च्या सुमारास एका रात्रीत तीन चित्ते मारले, त्यानंतर भारतात चित्त्याची खात्रीलायक नोंद जवळपास संपलीच. हौस एकच, पण परिणाम दोन टोकांचे.

आजोबांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खुपते. तितर, लावे, हरणं फाशात धरून पोट भरणाऱ्या फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची वाट धरून गुन्हेगार ठरवलं, आणि १९७२ नंतर त्यांची उरलीसुरली विद्याही गुन्हा झाली. वाडेवाल्यांना प्रमाणपत्र मिळालं, पारध्याला पोलीस ठाण्याचा उंबरा. खाण्यासाठी मारणं जास्त नैतिक, असं जे आपण तोंडाने म्हणतो, ते कागदावर कधी उतरलं होतं का, याचा विचार तुमच्या मुलीबरोबर जरूर करा.

प्रश्न : रानडुकरं तुरीचं आणि भुईमुगाचं वाटोळं करतात. परवानगीने डुक्कर मारलं तरी ते ताब्यात घेऊन नष्ट करतात. एवढं मांस मातीत घालणं हे पाप नाही का?
— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : वाया जातं, हे मला मान्य. मारायचंच ठरलं तर खाल्लेलं बरं, असंच माझं मत. पण कायद्याचं भय समजून घ्या. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, ते एवढ्यासाठी की मांसाला भाव आला की 'नुकसान करणारं डुक्कर' रोज सापडू लागेल. हा भाव चोरून आजही आहेच. कणकेच्या गोळ्यात बारूद भरून शिवारात टाकतात. तो गोळा चावलेली गाय मी तपासली आहे. खालचा जबडा फाटून लोंबत होता, जीभ सुजून बाहेर आलेली, आणि जनावर पाण्याच्या बादलीत तोंड घालायचा प्रयत्न करत होतं. तिला सुईने मोकळं करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

दुसरं कारण रोगाचं. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० पासून देशात आहे. माणसाला तो होत नाही, पण रानडुकराचं मांस आणि आतडी गावात फिरली की पाळीव डुकरं मरतात. रानडुकराच्या मांसात सूक्ष्म जंतही असू शकतात, कच्चं राहिलं तर ते माणसाला बाधतात.

कुंपणात घरगुती लाइनची वीज मात्र सोडू नका. तुमच्या भागात तशा तारांना चिकटून वाघही मेलेत आणि माणसंही. झटका देणारं सौर कुंपण वेगळं, त्याने जीव जात नाही. त्यासाठी अनुदान मिळतंय का, वनखात्याकडे विचारा. नुकसानभरपाईचा अर्ज नासधूस दिसताच त्याच दिवशी द्या, फोटो काढा, आणि पंचनामा होईपर्यंत त्या वावरात नांगर घालू नका.