लकव्यानंतरची उदासी आणि माइंडफुलनेस

प्रश्न : आबांना (वय ६२) चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. उजवा हात अजून उचलत नाही. केळीच्या बागेत दिवसभर राबणारा माणूस आता ओट्यावर गप्प बसतो. दिवेलागणीला छातीत धडधडतं, रडू येतं. व्यायामालाही नको म्हणतात. कुणीतरी माइंडफुलनेस सुचवलं. घरी कसं करून घ्यावं?
– एक वाचक, ता. रावेर

उत्तर : लकव्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. मेंदूला झालेली इजाही त्याला कारण असते, म्हणून ‘आबा, मन घट्ट करा’ हे आधी थांबवा. धडधड मनाचीच आहे असंही धरून चालू नका. हृदयाचे ठोके अनियमित असले तर पुन्हा लकव्याचा धोका असतो, तेव्हा ईसीजी काढून घ्या.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे घडतंय, उदाहरणार्थ श्वास, त्याकडे शांतपणे लक्ष देणं. त्यात विचार बंद पाडायचे नसतात. विचार आला, कळलं, लक्ष परत श्वासावर आणलं, एवढंच. आबांना पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा. पावलं जमिनीवर, उजव्या हाताखाली उशी. हात लोंबकळला की खांदा दुखतो आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. डावा तळहात पोटावर ठेवून पोटाचं वर-खाली होणं जाणवू द्या. श्वास मोजायला लावू नका, कारण उजवी बाजू गेलेल्या अनेकांना शब्द-आकडे अडखळतात. ३ ते ५ मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. एक वेळ दिवेलागणीच्या आधीची ठेवा, धडधड सुरू होण्यापूर्वीची. लकव्यानंतर थकवा लवकर येतो. पहिल्याच दिवशी अर्धा तास बसवलंत तर दुसऱ्या दिवशी ते नावही काढणार नाहीत. श्वास रोखणं, भस्त्रिका, कपालभाती सध्या नकोच. रक्तदाब वाढू शकतो.

हे जमू लागलं की अंगावरून लक्ष फिरवायचं, पण डाव्या पायापासून. थेट उजव्या हाताकडे गेलं की ‘हा गेलाच’ असं मनात उसळतं. तसं झालं तर पुन्हा पोटावरच्या तळहाताकडे.

मात्र व्यायाम टाळणं आणि रोजचं रडू दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर एवढ्यावर भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास जरूर सांगा, कारण नैराश्यावरच्या काही औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच गोळ्या सोडू नका. मरणाची भाषा निघाली तर आबांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.