बजेटमध्ये पैसे होते, काम दिसत नाही: विधानसभा हिशेब मागते का?

ग्वाल्हेरातल्या शाळेच्या इमारतीसाठी बजेटमध्ये पैसे होते, पण काम दिसत नाही; मग विधानसभा त्याचा हिशेब मागते का, असं एका वाचकाने विचारलंय. मागते, पण उशिरा.

बजेटच्या पुस्तकात फक्त मंजुरी दिसते. खर्चासाठी त्या वर्षाचे विनियोग लेखे, म्हणजे मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांचा वार्षिक हिशेब, उघडा. राज्याचे हिशेब आपल्या ग्वाल्हेरातच, महालेखाकारांच्या कार्यालयात जुळवले जातात. इमारतीचा खर्च सहसा मुख्य शीर्ष (हिशेबातल्या खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) ४२०२ मध्ये, पगार २२०२ मध्ये. मागणी, म्हणजे खात्यासाठी विधानसभेकडे मागितलेली रक्कम, शिक्षण खात्याची की बांधकाम खात्याची, दोन्ही तपासा. विनियोग लेख्यांत मूळ तरतूद, पुरवणी (वर्षाच्या मध्ये वाढवून घेतलेली) तरतूद, परत केलेली रक्कम आणि खर्च शेजारीशेजारी सापडतात.

खरी मेख ३१ मार्चची. आर्थिक वर्ष संपताना रक्कम वैयक्तिक ठेव खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनावाने असलेल्या सरकारी ठेव खात्यात) वळवली की कागदावर ती 'खर्च' होते, जागेवर वीटही लागत नाही. म्हणून नुसता खर्चाचा आकडा बघून समाधान मानू नका.

कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत सभागृहात येतो, मग लोकलेखा समिती, म्हणजे हा अहवाल तपासणारी आमदारांची समिती, खात्याच्या सचिवांना बोलावते. मंजुरीपेक्षा जास्त उडालं असेल तर अनुच्छेद २०५ खाली विधानसभेकडून ते नियमित करून घ्यावं लागतं; वर्षानुवर्षं रखडतं ते इथेच.

घाई असेल तर आमदारांकरवी तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) टाका. त्यात शीर्ष, वर्ष आणि कामाचं नाव हवंच, नाहीतर 'माहिती गोळा केली जात आहे' एवढंच उत्तर येईल.