फवारणीचे कपडे धुतले म्हणून मूल होत नाही का?

आंब्याला मोहोर यायला लागला की देवगडकडून येणाऱ्या जोडप्यांच्या तोंडून एक प्रश्न हमखास येतो: बागेतल्या औषधामुळे तर मूल होत नसेल ना? मी हा प्रश्न कधीच उडवून लावत नाही. त्यात भीती असते तसं तथ्यही असतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका जोडप्याविषयी सांगते.

लग्नाला तीन वर्षं झालेली. पहिल्यांदा ती एकटीच आली. पिशवीत सोनोग्राफीचे रिपोर्ट, लेट्रोझोलच्या गोळ्यांची पट्टी, आणि मोबाइलमध्ये बुरशीनाशकाच्या बाटलीचा फोटो. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत 'हार्मोन बिघडवणारी रसायनं' ऐकली आणि तिने सगळा दोष स्वतःकडे घेतला. "मॅडम, ह्येंचे फवारणेचे कपडे मीच धुतंय. माझाच काय तरी बिघडला असतला ना?" घरात देवाला कौल लावून झाला होता, गाऱ्हाणं घालून झालं होतं. नवऱ्याची तपासणी मात्र झालीच नव्हती. या गोष्टीचा मला दर वेळी त्रास होतो.

आधी तिला बाटलीतलं औषध काय करतं ते सांगितलं. मोहोरावरच्या भुरी या बुरशीच्या रोगासाठी मारतात ते हेक्साकोनॅझोल, बुरशीनाशकांच्या ट्रायअझोल गटातलं. बुरशीला पेशीचं आवरण धड ठेवायला एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, लागतं; ते हे औषध अडवतं. त्याच मोठ्या कुळातली एन्झाइम माणसातही असतात. अरोमाटेज त्यातलंच एक. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनपासून इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन बनवायचं काम त्याचं, बाईच्या शरीरात आणि पुरुषाच्याही. या गटातली काही बुरशीनाशकं प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये अरोमाटेजलाही अडवतात, असं दिसलेलं आहे. प्लास्टिक मऊ करायला वापरतात त्या थॅलेट्सची तऱ्हा वेगळी. गाभण उंदरांना त्यातली काही दिली तर पोटातल्या नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन घडवणारी एन्झाइमच कमी तयार होतात. तेव्हा तिची शंका अगदीच हवेतली नव्हती.

पण तिच्या पिशवीतली लेट्रोझोलची गोळीसुद्धा अरोमाटेजच अडवते! तिला पीसीओडी होता, बीज वेळेवर तयार होत नव्हतं. डॉक्टर ही गोळी पाळीच्या सुरुवातीला मोजके दिवस देतात. इस्ट्रोजेन खाली येतं, मग मेंदू एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन जास्त सोडायला लावतो आणि बीज वाढीला लागतं. हे ऐकल्यावर ती कितीतरी वेळ ती पट्टी उलटीसुलटी करून बघत राहिली. एन्झाइम अडलं म्हणजे शरीर कायमचं नासलं, असं नसतं. मात्रा किती, किती दिवस आणि कुठल्या वयात, यावर बरंच ठरतं. पोटातल्या बाळाला जपावं लागतं ते म्हणूनच. कपडे धुतल्यामुळे तिला दिवस राहत नाहीत, असं म्हणायला काही आधार नव्हता. ते मी तिला स्वच्छ शब्दांत सांगितलं.

पुढच्या खेपेला तो आला. त्याला मी फवारणीचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. पिंपात औषध ओतायचं, काठी हाताशी नसली तर हातानेच ढवळायचं. गन घेऊन कलमाखाली उभं राहायचं. वारा फिरला की सगळे तुषार अंगावर. मध्येच तंबाखू मळायची, त्याच तळहातावर. दुपारी त्याच कपड्यांत पडवीवर जेवायचं आणि संध्याकाळी ते कपडे घरच्या धुण्यात टाकायचे. हातमोजे? "ते घालून गन धरूक जमना नाय."

त्याला मी कॅलिफोर्नियातली 1977 सालची हकिकत सांगितली. तिथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमिनाशक (मातीतले बारीक कृमी मारायचं औषध) बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्याच बोलण्यात आलं, की आपल्यापैकी कुणाला मूलच होत नाहीये. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी निघाले, काहींचे तर शून्य. संपर्क थांबल्यावर काहींचे परत वाढले, काहींचे नाहीत. हेक्साकोनॅझोल म्हणजे डीबीसीपी नव्हे, हेही लगोलग सांगितलं. त्याला घाबरवायचं नव्हतं, पण तपासणी त्याचीही व्हायला हवी हे पटवायचं होतं.

त्याचा रिपोर्ट कमी आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू अशी आहे. त्याचा आकडा त्या मर्यादेच्या खाली होता. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. तेवढ्या काळात त्याने तंबाखू सोडली, रबरी हातमोजे आणि मास्क वापरायला लागला, बागेतून आल्यावर बाहेरच अंघोळ करून मग घरात यायला लागला. दुसऱ्या वेळी आकडा वाढला होता. तो तंबाखू सुटल्यामुळे की औषधाचा संपर्क घटल्यामुळे, हे एका माणसाच्या रिपोर्टवरून ठरवता येत नाही आणि मी ठरवतही नाही. तिचे उपचार चालूच आहेत. आता दोघं एकत्र येतात.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहत नसतील, किंवा बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच, डॉक्टरकडे जा आणि दोघांचीही तपासणी सोबतच करून घ्या. वीर्यतपासणी साधी, स्वस्त. ती शेवटी ठेवू नका. औषधाचा रिकामा कॅन पाण्याला वापरू नका, गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात भरू नका. आणि दिवस राहिले, किंवा राहावेत असं वाटत असेल, तर औषध कालवायच्या आणि फवारणीचे कपडे धुवायच्या कामातून तिला आजच मोकळं करा. ते कपडे वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून, ज्याने फवारणी केली त्यानेच धुवावेत.